अहो आई, हात कसा चालतोय?

तार्तू, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय अहो आई,

कुइदास कॅसी कॅइब?

घाबरू नका, माझा कीबोर्ड बिघडलेला नाही. ही एस्टोनियन आहे. शब्दशः म्हणाल तर ‘हात कसा चालतोय?’ आणि खरा अर्थ फक्त ‘काय, बरं आहे ना?’ आपण तब्येत विचारतो, ही माणसं हाताची चौकशी करतात.

मागच्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, ‘फोनवर आम्हा मायलेकांचं आटपेपर्यंत तुझ्या वाट्याला बाकी काय, मजेत, एवढंच येतं, तर तू आपली लिहीत जा.’ मला ते फार आवडलं. तुमची सून होऊन चार वर्षं झाली, पण मस्कतला अल खौदच्या घरी असताना आपण बोललो ते बहुतेक ओट्यापाशीच, आणि तिथेही तुम्ही बोलायचात, मी लाटायचे.

बालवाडीतलं माझं काम अजून मदतनिसाचंच आहे. पोरांना रेनकोट चढवा, उतरवा, नाकं पुसा. नोव्हेंबरात भाषेची परीक्षा पास झाले तर शिक्षिका म्हणून घेणार आहेत. मस्कतला तीस-तीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई मी, इथे चार वर्षांची कार्टी माझे उच्चार सुधारतात.

आमच्या स्वयंपाकघरात हेल्यू नावाच्या बाई आहेत. साठीच्या, तुमच्याइतक्याच कडक. रोज सकाळी त्या मला हाताचं विचारतात. पहिल्या दिवशी मला वाटलं खरंच हात दाखवायचाय, म्हणून मी तो पुढे केला. त्या हसल्या नाहीत. हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, ‘गार पडलाय, आधी चहा घे.’ नंतर मला उत्तर शिकवलं, ‘तासापिसी.’ म्हणजे हळूहळू, चाललंय आपलं.

संध्याकाळच्या भाषेच्या वर्गात सध्या हाच शब्द चालू आहे, कॅसी. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एकच शब्द, आपल्या हातासारखा. इंग्रजीत हँड वेगळा आणि आर्म वेगळा, यांचं आपलं जुळतं. कामात निपुण माणसाला ‘सोन्याचे हात’ आहेत म्हणतात. त्यावर वाक्य करायचं होतं. मी केलं, ‘माझ्या सासूबाईंचे हात सोन्याचे आहेत, त्या कातण न वापरता करंजीला मुरड घालतात.’ मुरड कुणाला कळेना. मग कागद दुमडून, चिमटीत धरून घडीवर घडी घालून दाखवली. माझी मुरड वाकडी आली, पण टाळ्या मिळाल्या.

तर, कुइदास कॅसी कॅइब? उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
शिवांगी


अल खौद, ३० ऑगस्ट २०२५

चि. शिवांगी,

माझा हात उत्तम चालतो. तोंड त्याहून जास्त चालतं, असं तुझे सासरे इथून ओरडून सांगतायत. त्यांना सांगितलं, सून मला लिहिते, तुम्हाला नाही, गप्प बसा.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा शेजारच्या खुदेजाला मोठ्यानं. ती आलीच होती तिच्या लेकीला न्यायला. शुक्रवारचा माझा मराठीचा वर्ग अजून चालतो बरं का, सात पोरं आहेत. ‘ळ’ म्हणताना सगळ्यांची तोंडं अशी होतात की दगडसुद्धा हसेल. खुदेजा म्हणाली, ‘ताई, आमच्या रत्नागिरीत पण भेटल्यावर पयलं जेवलास काय ते विचारतात, हाताचं बरं सुचलं यांना.’ तिच्या नवऱ्याचं, सिराजभाईंचं दुकान आता तिकडे सहम गावात चांगलं लागलंय, ते आठवड्याला एकदा घरी येतात. बाकी दिवस ती आणि मी, दोघी मिळून अख्खी कॉलनी चालवतो.

सोन्याचे हात वगैरे ठीक आहे, पण कातणाचं तू वर्गात सांगितलंस ते बरं केलंस. कातण म्हणजे आळशाचं हत्यार. चाक फिरवलं, कड कापली, झालं! त्याला काय करंजी म्हणायचं? माझ्या घरात ते चाक आजवर आलेलं नाही आणि येणार नाही.

आणि मुरड काय नुसती शोभेला असते का? माझ्या सासूबाई सांगायच्या, घरातून कुणी लांब निघालं की त्याच्या डब्यात मुरडीचा कानवला घालायचाच. म्हणजे तो माणूस परत मुरडून घरी येतो. गौरी निघतात तेव्हा त्यांनाही देतो ना आपण, तसंच. तुम्ही दोघं गेलात तेव्हा विमानतळावर तुझ्या पर्समध्ये डबा कोंबला होता, आठवतंय? आशू म्हणाला, ‘आई, सामानाचं वजन.’ मी म्हटलं, ‘हे वजन मोजत नाहीत.’

मार्चमध्ये त्याचा करार संपतोय म्हणाला. मग कधी मुरडताय? वरच्या खोलीचा एसी आत्ताच दुरुस्त करून ठेवते, ऐन वेळी तो मेकॅनिक ‘बुकरा, बुकरा’, उद्या, उद्या करत महिना काढतो.

परीक्षेचा अभ्यास कर. पोरांकडून शिकायला लाजू नकोस, मीही सात जणांकडून दर शुक्रवारी इंग्रजी शिकते.

भरभरून आशीर्वाद,
आई


तार्तू, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय अहो आई,

हे पत्र लिहायला मला दोन आठवडे लागले. इथे म्हणतात, ‘हात उठत नाही.’ एखादी गोष्ट करायला मन धजत नाही तेव्हा. तसं झालं होतं माझं. पण आता उठवते.

मार्चमध्ये आम्ही येत नाही आहोत. आशुतोषचा करार दोन वर्षांनी वाढवून मिळतोय, आणि त्यानं हो म्हटलंय. तो तुम्हाला फोनवर ‘कंपनीनं थांबवलं’ असं सांगणार होता. मला ते पटलं नाही. त्याला परत यायचं होतं. थांबूया असं मी म्हटलं.

कारण सांगते. लग्नाआधी मी माझ्या वडिलांची मुलगी होते, मग आशुतोषची बायको होऊन मस्कतला आले, मग त्याच्याच नोकरीमागे इथे. नोकऱ्या केल्या, पण दर वेळी गाव बदललं की सुटल्या. इथे पहिल्यांदा असं झालंय की एक जागा माझी वाट बघतेय. हेल्यूबाईंनी मुख्य बाईंना जाऊन सांगितलं म्हणे, ‘ही पास झाली की हिला सोडू नका.’ पोरं दारात मला बघितलं की बूट हातात घेऊन पळत येतात. अहो आई, मला हे टाकून निघवत नाही.

तुम्ही एसी दुरुस्त करून ठेवलात. मला ते वाचून रडू आलं, आणि तरी मी हे लिहितेय.

रागवा. पण गप्प बसू नका.

शिवांगी


अल खौद, ९ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव शिवांगी स्वल्पविराम

हे बघ मी आता बोलून लिहायला शिकले मोबाइलसमोर बोललं की तो आपोआप लिहितो राजीवनं दाखवलं मज्जा आहे की नाही पूर्णविराम

इथे सगळं छान आहे. हवा अजून तापलेलीच आहे पण संध्याकाळी जरा बरं वाटतं. अहो दूध बघा उतू जाईल. हे पण लिहिलं वाटतं यानं आता कसं पुसायचं जाऊ दे.

उत्तराला उशीर झाला. जरा कामं होती. राजीव म्हणजे आशूचा शाळेतला मित्र बारा तारखेला कामासाठी तुमच्याकडे तालिनला चाललाय त्याच्याबरोबर दिवाळीचं पाठवते आहे. चिवडा, शंकरपाळी आणि करंज्या. तुम्ही दोघं नीट खा आणि त्या हेल्यूबाईंनाही दे. सुचित्रा गोळी घेतलीस का. हे हे बोलले मी नाही. बीपीची असते ती.

वर्गाला सध्या सुट्टी दिली आहे. व्हिडिओ कॉलचं म्हणशील तर नेटवर्क बरोबर नसतं म्हणून मी साधाच फोन करते आशूला. तू काळजी करू नको अभ्यास कर परीक्षा जवळ आली पूर्णविराम पूर्णविराम

आई


तार्तू, १९ ऑक्टोबर २०२५

अहो आई,

राजीव काल येऊन डबे देऊन गेला. चिवडा उत्तम झालाय. शंकरपाळी आशुतोषनं उभ्याउभ्या अर्धी संपवली.

करंज्यांचा डबा मी उघडला. सगळ्या कातणाच्या आहेत. मी एकेक काढून ताटात मांडली, कारण मला वाटलं तळाशी तरी एक असेल. एकीलाही मुरड नाही.

मला कळलं.

मी तुम्हाला लिहिलं होतं, रागवा पण गप्प बसू नका. तुम्ही गप्पही बसला नाहीत आणि रागावलाही नाहीत. मोबाइल कसा बोलून लिहितो ते सांगितलंत. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. आणि मग हा डबा. ज्या बाईनं आयुष्यात कातणाला हात लावला नाही, तिनं नेमका या वर्षी, माझ्यासाठी ते चाक घरात आणलं. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? येऊ नका म्हणालात. ठीक आहे.

एस्टोनियनमध्ये ‘कुणावर हाताने मारणे’ म्हणजे त्याला चापट मारणं नव्हे. त्या माणसाची आशा सोडून देणं. आपण हात टेकले म्हणतो ना, तसं. वर्गात बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे वाक्य करता आलं नाही. आज आलं. सासूबाईंनी माझ्यावर हाताने मारलं.

आशुतोषला यातलं काही सांगितलेलं नाही. तो मजेत करंज्या खातोय. त्याला कडा दिसत नाहीत.

तुम्हाला दोघांना दिवाळीच्या शुभेच्छा.

शिवांगी


अल खौद, २१ ऑक्टोबर २०२५

अगं वेडे, वेडे, वेडे!

हेही बोलूनच लिहितेय, पण या वेळी दार लावून घेतलंय आणि मग वाचून खुदेजाकडून विराम घालून घेणार आहे. तिला सगळं माहीत आहे. तुलाच तेवढं माहीत नव्हतं, आणि तो निर्णय माझा होता, तेव्हा यांना किंवा राजीवला बोल लावू नकोस.

त्या करंज्या मी केल्या नाहीत. खुदेजानं केल्या. सारण माझं, पारी तिची, कातण तिच्या घरातलं. मी समोर खुर्चीत बसून नुसत्या सूचना देत होते. ती म्हणाली, ‘ताई, तुमची ती मुरड मला जमायची नाय, दोन फुटल्या, आता चाक फिरवू दे गपचूप.’ मी म्हटलं फिरव. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच होतं की दिवाळीचा डबा चुकायला नको. तू एकेक करंजी ताटात मांडून तळाशी मुरड शोधशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही गं.

तर आता ऐक. खुर्चीवर बस आणि ऐक.

मार्चमध्ये येत नाही, असं तुझं पत्र आलं त्यानंतरच्या शुक्रवारी मी वर्ग घेत होते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलला, परत पडला. मला वाटलं घामानं निसटतोय. खुदेजा दारात उभी होती, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोरांना म्हणाली, ‘यल्ला, खलास, घरी चला सगळे.’ तिच्या सासूचं असंच झालेलं तिनं पाहिलं होतं. सिराजभाई नेमके घरी होते, त्यांच्या पिकअपमधून मला नेलं. हे मागे गाडीत बसून नुसते ‘सुचित्रा, सुचित्रा’ करत होते. लवकर पोचलो म्हणून वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. अर्धांगवायूचा छोटा झटका होता. पाय ठीक आहे. जीभ अगदी शाबूत आहे, त्यामुळे तुझे सासरे जरा नाराजच आहेत. फक्त उजवा हात. खांद्यातून उचलता येतो, पण बोटं ऐकत नाहीत. पेन धरता येत नाही, गुंडी लावता येत नाही. चिमूट धरता येत नाही, आणि चिमटीशिवाय मुरड कशी घालायची?

‘हात उठत नाही’ म्हणून तू लिहिलं होतंस. दवाखान्यात पडल्यापडल्या ते आठवून मी हसले. नर्सला वाटलं डोक्यावरही परिणाम झाला.

तुला का नाही सांगितलं? कारण तुझं ते पत्र. मी तुला ओळखते. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीस, परीक्षा सोडली असतीस आणि वर तोंड उघडलं नसतंस. मग आयुष्यभर माझ्या हाताला मालिश करत बसली असतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले असते. मला ते नको होतं. तू लिहिलंस ना, पहिल्यांदा एक जागा माझी वाट बघतेय. मी ते वाक्य यांना वाचून दाखवलं. मीही लग्नानंतर यांच्यामागे इथे आले, शिवांगी. पुण्यात शाळेत मला कायम करणार होते. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. तू बोललीस. मला तुझा राग आला नाही. मला तुझा हेवा वाटला आणि मग फार बरं वाटलं.

हे सगळं त्या पत्राला उत्तर म्हणून लिहायचं होतं. पण ते बोलायला लागले की आवाज जायचा आणि मोबाइल काहीच्या काही लिहायचा. म्हणून दूध आणि हवा लिहिली.

तुझ्यावर मी हात टेकलेले नाहीत. ऐकलंस? परीक्षा देऊन मोकळी हो. त्याआधी इथे पाऊल ठेवलंस तर दार उघडणार नाही.

आई

ताजा कलम : भाबी, मी खुदेजा. ताईंचे डोळे भरलेत, म्हणून पुढचं त्या बोलत नायत. करंज्या कशा झाल्या ते तरी सांगा.


तार्तू, २२ ऑक्टोबर २०२५

अहो आई,

आधी खुदेजाताईंना सांगा, करंज्या फार सुंदर झाल्यात. मी कालपर्यंत एकही खाल्ली नव्हती, आज तीन खाल्ल्या. रडत खाल्ल्या.

आता तुम्ही. मी तुमच्यावर इतकी चिडलेय की काय सांगू. महिनाभर मी इथे बसून रोज एका बाईला ‘माझा हात छान चालतोय’ असं सांगत होते, आणि तिकडे तुमचा हात चालत नव्हता. ‘गोळी घेतलीस का’ हे मी वाचलं होतं हो. वाचलं आणि पुढे गेले, कारण मी तुमचा माझ्यावरचा राग शोधत होते त्या पत्रात. म्हणजे माझीच मला शरम वाटतेय, आणि तरी मी चिडलेय. दोन्ही राहू दे.

तुम्ही मला ओळखता म्हणालात. थोडंच ओळखता. मी बॅग भरली असती, हे खरं. पण तोंड उघडलं नसतं, हे चूक. तुमच्या हाताखाली दोन वर्षं पोळ्या लाटल्यात मी, तोंड कसं उघडायचं ते तिथेच शिकले.

तर आमचं ठरलंय ते ऐका, विचारत नाही, सांगतेय. आशुतोष उद्याच्या विमानानं येतोय, दोन आठवड्यांसाठी. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा होता. त्याला बोलू नका, त्याला रडू द्या. मी परीक्षा देईन आणि डिसेंबरच्या सुट्टीत येईन. दार उघडलं नाहीत तर खुदेजाताईंकडे उतरेन.

आणि एक. आजपासून मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं. हेल्यूबाईंना आज मी तुमचं सांगितलं, मोडक्यातोडक्या भाषेत. त्यांनी कणकेचे हात पुसले आणि म्हणाल्या, ‘विचारणं आपलं काम. खोटं सांगायचं असेल तर विचारायचं कशाला?’ म्हणून विचारते.

कुइदास कॅसी कॅइब?

तुमची, चिडलेली,
शिवांगी


अल खौद, ८ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांगी,

खरं सांगते. वाईट चालतोय.

आशू होता तोवर उत्साह होता. तो परवा गेला. निघताना माझ्या पाया पडला आणि तसाच बसून राहिला, यांनी उठवला त्याला. त्याच्या डब्यात मी काही घालू शकले नाही. विकतची नानकटाई दिली. त्याला काही वाटलं नाही, मला वाटलं.

फिजिओथेरपीला एक ओमानी पोरगी आहे, तुझ्याच वयाची. रबराचा गोळा देते आणि आईला हाक मारावी तशी म्हणते, ‘यल्ला मामा, वन मोर.’ शंभरदा म्हणते. मी एकदा चिडून म्हटलं, ‘खलास!’ तर म्हणाली, ‘इन्शाल्ला नॉट खलास.’ काय बोलणार तिच्यापुढे. अंगठा तर्जनीला टेकतो, पण मध्ये काही धरलं की सुटतं. चमचा सुटतो. काल वरण साडीवर सांडलं आणि मी जेवण टाकून उठले. हे आले आणि त्यांनी भरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मीठ कमी होतं, पण मी बोलले नाही.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं. लिहून बरं वाटलं, हेही खरं.

वर्ग पुन्हा सुरू केलाय. फळ्यावर पोरंच लिहितात, मी नुसती ओरडते. त्यांचं अक्षर सुधारतंय.

परीक्षेला जाताना दही खाऊन जा. तिकडे मिळतं ना?

आई


तार्तू, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अहो आई,

दही खाल्लं. दिली परीक्षा!

लिहायची बरी गेली, ऐकायची कशीबशी. शेवटी तोंडी होती. समोर दोन बायका. म्हणाल्या, ‘घरातल्या एका माणसाबद्दल सांगा.’ मी आशुतोषची तयारी करून गेले होते, उंची, नोकरी, आवडीनिवडी, सगळं पाठ. तोंड उघडलं आणि तुम्ही आलात. मी सांगितलं, माझ्या सासूबाई ओमानमध्ये राहतात. त्यांचा उजवा हात आजारी आहे. मी त्यांना दर आठवड्याला हाताचं विचारते आणि त्या खरं उत्तर देतात. व्याकरणाचा पार चुराडा झाला. मधेच शब्द अडला तेव्हा मी हाताने करून दाखवलं, चिमूट, घडी, चिमूट, घडी. त्या बायका लिहायचं थांबवून बघत राहिल्या. नापास झाले तर तुमच्यामुळे, आणि पास झाले तरी तुमच्यामुळेच.

बाबांनी तुम्हाला भरवलं ते वाचून मी आशुतोषला विचारलं, ‘तू भरवशील का?’ तर म्हणाला, ‘मीठ बरोबर घालीन.’ लेक तुमचाच आहे.

तिकिटं काढली. वीस डिसेंबरला पोचतो.

शिवांगी


तार्तू, ११ जानेवारी २०२६

प्रिय अहो आई,

सुखरूप पोचलो. इथे सगळं पांढरं झालंय आणि दुपारीच दिवे लावावे लागतात. तीन आठवडे तुमच्या गच्चीत बसून आले, त्यामुळे थंडी दुप्पट वाजतेय.

आधी बातमी. निकाल आलाय. पास! काठावर, पण पास. हेल्यूबाईंनी मला उचललंच जवळजवळ. सोमवारपासून वर्ग माझा.

आता दुसरं. निघताना तुम्ही डबा दिलात आणि म्हणालात, ‘खुदेजानं केल्यात, कातणाच्याच आहेत, आता परत रुसून बसू नको.’ मी म्हटलं, ‘आता चाक दिसलं की मला खुदेजाताई दिसतात, राग नाही.’ काल रात्री सामान लावताना डबा उघडला. वरच्या सगळ्या चाकाच्या. सुंदर, एकसारख्या.

तळाशी, कागदात गुंडाळलेला एक होता.

अहो आई, तो कानवला कसा दिसत होता म्हणून सांगू? एका बाजूला फुगलेला, एका बाजूला चपटा. सारण दोन ठिकाणी बाहेर आलेलं. कडेला सुरुवातीच्या तीन घड्या मोठ्या, मग एक सुटलेली, मग पुढे बारीक बारीक, जवळजवळ. शेवटाकडे तर अगदी तुमच्यासारख्या. बोटांचे ठसे दिसत होते. मी आशुतोषला हाक मारली. त्याला या वेळी कडा दिसल्या.

तुम्ही दुपारी दार लावून दोन-दोन तास झोपायचात आणि बाबा आम्हाला हळू बोलायला लावायचे. झोपायचात कुठे तुम्ही! यल्ला मामा, वन मोर!

मी तो खाल्ला. आशुतोषला तुकडाही दिला नाही. त्यानं मागितला नाही.

मी परत येणार आहे, माहीत आहे तुम्हाला. दोन वर्षांनी राहायला येईन की नाही ते आत्ता सांगता येत नाही, तेही तुम्हाला माहीत आहे. पण येत राहीन.

कुइदास कॅसी कॅइब?

तुमचीच,
शिवांगी


अल खौद, १३ जानेवारी २०२६

शिवांगी बाई,

अभिनंदन. पेढे वाटले. मुरडीचा अर्थ येत राहा एवढाच असतो ग. राहायलाच पाहिजे असं नाही.

हे बोलून नाही लिहिलं. एका बोटाने. उजव्या. दुपार गेली.

तासापिसी.

आई